ताडीचा पेला आणि पोटातला जीव

जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कूकटपल्ली भागात भेसळीची ताडी पिऊन काही माणसे दगावली आणि कित्येकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर चार-आठ दिवस वृत्तपत्रांचे रकाने त्या वार्तांनी भरून गेले होते. ताडीच्या नमुन्यांत अल्प्राझोलम हे गुंगी आणणारे औषध सापडले, दुकानांना टाळी लागली, काहींना अटक झाली, मंत्र्यांनी रुग्णांची विचारपूस केली. असल्या प्रसंगी सरकारी यंत्रणा जे जे करते ते सारे यथासांग पार पडले. मृतांची मोजदाद झाली, बाधितांची यादी झाली आणि प्रकरण मागे पडले. आम्हांस त्या यादीत नसलेल्यांविषयी लिहावयाचे आहे. हैदराबादच्या ज्या आवारांत ही ताडी विकली जाते आणि ज्यांना तेथील लोक ‘कल्लू कंपाउंड’ म्हणतात, तेथे दिवसभर विटा वाहून किंवा धुणीभांडी करून आलेल्या बायकाही बाटली घेऊन बसतात. त्यांतली एखादी दोन-तीन महिन्यांची गर्भार असली, तर तिच्या पोटातल्या जिवाला काय झाले हे कोणत्या पंचनाम्यात लिहिले जाणार? ताडीत भेसळ नसती, ती शुद्ध, झाडावरून नुकतीच उतरवलेली असती, तरी हा प्रश्न उरलाच असता.

गोमंतकातील दैनिकाने तेलंगणच्या ताडीची उठाठेव कशास करावी, असे कोणी म्हणेल. त्याला आकड्यांनी उत्तर देणे सोपे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे पंधरा वर्षांवरील भारतीय पुरुषांत मद्य घेणारे शेकडा १८.८ आणि स्त्रियांत १.३ आहेत. तेलंगणात हेच प्रमाण पुरुषांत ४३.३ आणि स्त्रियांत ६.७ आहे. शेजारच्या महाराष्ट्रात स्त्रियांचे प्रमाण शेकडा अर्ध्याच्याही खाली, ०.४ इतके आहे. आणि आपल्या गोव्यात? पुरुष ३६.९ आणि स्त्रिया ५.५. म्हणजे या बाबतीत आपले नाते पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबादशी अधिक जवळचे आहे. हे आकडेही जे लोक दारावर आलेल्या पाहणीकाराला खरे सांगतात त्यांचेच. हिंदू घरातली सून पाहुण्यासमोर ‘मी कधीमधी घेते’ असे सांगेल, हे संभवत नाही.

तेलंगणात ताडी ही नुसती दारू नव्हे. ताडाची आणि शिंदीची ताडी तेथे लग्नात लागते, मयताला लागते, आषाढातल्या बोनालूच्या सणात देवीपुढे ठेवली जाते. गौड समाजाची कितीएक कुटुंबे पिढ्यानपिढ्या या झाडांवर चढून पोट भरत आली आहेत. आपल्याकडे माडावर चढणारा रेंदेर आणि त्याची सूर यांचे जे स्थान होते, तेच तेथे त्यांचे आहे. आपल्याकडे सुरीने सान्ने फुगत, तेथे ती थेट पेल्यात जाते. शिंदीची ताडी थंड, अंगाला बरी, उन्हाळ्यात पित्त शमवणारी, असा तेथील समज आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. मडक्याला आतून चुना लावून पहाटे उतरवलेला ताजा रस, म्हणजे नीरा, हे गोड आणि मादक नसलेले पेय आहे. पण हा रस मडक्यात पडल्याक्षणी आंबू लागतो आणि संध्याकाळपर्यंत त्यात शेकडा चार-पाच टक्क्यांच्या आसपास मद्यार्क तयार होतो. बिअरच्या मोठ्या बाटलीएवढी ताडी घेतली, तर तीत पंचवीस ग्रॅमपर्यंत शुद्ध मद्यार्क जातो. फेणीचे अडीच छोटे पेग घेतले तरी हिशेब तेवढाच होतो. ‘ताडी म्हणजे काय दारू?’ असे विचारणाऱ्याने ही बेरीज एकदा करून पाहावी.

शहराची कथा आणखी वेगळी. २००४ साली अविभक्त आंध्रच्या सरकारने हैदराबादेतील ताडीची दुकाने बंद केली होती. स्वतंत्र तेलंगण राज्य झाल्यावर २०१४ साली ती पुन्हा उघडली. ताडी काढणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न सुटावा, हे कारण पुढे करण्यात आले आणि ते खोटे नव्हते. पण कोटीभर वस्तीच्या शहराला पुरतील एवढी झाडे आहेत कोठे? मागणी मोठी आणि रस थोडा, तेव्हा व्यापारी पाणी घालणार, गोडीसाठी सॅकरिन घालणार आणि कैफ कमी पडतो म्हणून क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलम मिसळणार, हे ठरलेलेच. या भेसळीची सवय कशी जडते हे २०१५ साली दिसले. तेलंगणाच्या काही जिल्ह्यांत भेसळीविरुद्ध मोहीम झाली आणि बाटलीत ते औषध येईनासे झाले. लगेच माणसे हातपाय कापत, भ्रमिष्टासारखी बडबडत रुग्णालयांत येऊ लागली. आपण ताडी पितो एवढेच त्यांना ठाऊक होते. आपण झोपेच्या गोळ्यांचे बंदे झालो आहोत हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ही औषधेही मद्यार्काप्रमाणेच आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतात. ती नित्य घेणाऱ्या आईचे मूल जन्मतः शिथिल, सुस्त, दूध ओढण्यास असमर्थ असू शकते, किंवा पुढे काही दिवसांत त्यालाच औषध तुटल्याची चिडचिड आणि थरथर सुरू होते. गर्भार बाई अशा दुकानात एक पेला घेते, तेव्हा ती पोटातल्या मुलाला दोन विषे एकदम पाजत असते, आणि त्यांतल्या एकाचे नावही तिला माहीत नसते.

मद्यार्काचे काम कसे चालते हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. कारण ‘थोडीशी घेतली तर काय होते’ या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. आई आणि गर्भ यांच्यामधील वार पुष्कळ गोष्टी अडवते, पण मद्यार्क अडवीत नाही. त्याचा कण इतका लहान आणि पाण्यात व चरबीत इतका सहज मिसळणारा आहे की, आईने घोट घेतल्यावर थोड्याच वेळात गर्भाच्या रक्तातील त्याचे प्रमाण आईच्या बरोबरीला येते. आईचे यकृत तो मोडून काढते. गर्भाचे यकृत अजून त्या कामाचे झालेले नसते. शिवाय गर्भ जे लघवीवाटे टाकतो ते भोवतालच्या गर्भजलातच जाते आणि तेच तो पुन्हा गिळतो. त्यामुळे आईची नशा उतरून गेल्यावरही पोटातला जीव त्या पाण्यातच असतो. पेला आईच्या हातात असला, तरी तो रिकामा व्हायला मुलाच्या बाजूने अधिक वेळ लागतो.

आता काळाचा प्रश्न. तिसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत हृदय, हातपाय, डोळे, चेहरा यांची घडण होते. चेहऱ्याचा आराखडा तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच ठरू लागतो, म्हणजे पाळी चुकली की नाही याचा विचार बाई करीत असते त्याच सुमारास. या वेळी मद्यार्काने पेशींची हानी झाली, तर डोळ्यांच्या फटी आखूड राहतात, नाक आणि वरचा ओठ यांमधील पन्हळ सपाट होते, ओठ पातळ राहतो. या खुणा अनुभवी डॉक्टरला ओळखू येतात. पण चेहरा घडून झाला म्हणजे धोका टळला, असे मुळीच नाही. मेंदू नऊही महिने घडत असतो. उशिरा घेतलेल्या मद्याने चेहरा बिघडत नाही, पण आठवण, लक्ष, हिशेब आणि केल्या कर्माचा परिणाम ओळखण्याची शक्ती ही सारी दुबळी होतात. अशा मुलाकडे पाहून कोणालाही काही कळत नाही. ते शाळेत जाते, काल शिकवलेले आज विसरते, एका जागी बसत नाही, मार खाते, पुन्हा तीच चूक करते आणि शेवटी ‘ढ’ किंवा ‘वात्रट’ हा शिक्का घेऊन शाळा सोडते. गर्भपात, मृतजन्म, अकाली प्रसूती आणि कमी वजनाचे मूल यांची भीती वेगळीच. किती प्रमाणात घेतले तर धोका नाही, असे प्रमाण वैद्यकाला आजवर सापडलेले नाही. म्हणून उत्तर एकच येते, ते म्हणजे शून्य. कोणत्या महिन्यात आणि कोणत्या प्रकारचे, हे प्रश्न मग उरत नाहीत.

कॅनडातील संशोधकांनी २०१७ साली जगभरच्या पाहण्या एकत्र करून एक अंदाज मांडला. त्याप्रमाणे जगात शंभरांतील सुमारे दहा स्त्रिया गरोदरपणी मद्य घेतात, आणि घेणाऱ्या दर ६७ स्त्रियांमागे एकीचे मूल चेहऱ्याच्या खुणांसह हा पूर्ण लक्षणसमूह घेऊन जन्मते. अशी मुले वर्षाला एक लाख एकोणीस हजारांच्या घरात जातात. खुणा नसलेली, पण मेंदूला इजा झालेली मुले यांहून वेगळी. सदुसष्टांत एक, म्हणजे सहासष्ट सुटल्या, असे समाधान मानणारेही भेटतील. आपली सून त्या सहासष्टांतली असेल याची हमी त्यांना कोणी दिली, हे त्यांनीच सांगावे.

हे ज्ञान फार जुने नाही. फ्रान्समधील नांत येथील पॉल लेम्वान या बालरोगतज्ज्ञाने मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांची पाहणी करून १९६८ साली आपले निष्कर्ष एका प्रादेशिक वैद्यकीय नियतकालिकात छापले. फ्रेंच भाषेतला तो लेख बाहेर कोणी फारसा वाचला नाही. पुढे १९७३ साली अमेरिकेतील सिएटल येथील केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी मद्यासक्त मातांची, एकमेकांशी काही नाते नसलेली आठ मुले तपासली. तीन निरनिराळ्या वंशांची ही मुले चेहऱ्याने मात्र एकमेकांची भावंडे शोभावीत अशी होती. त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि या व्याधीला नाव मिळाले. गंमत अशी की, त्याच सुमारास पाश्चात्त्य रुग्णालयांत अकाली सुरू झालेल्या कळा थांबवण्यासाठी बाईच्या शिरेतून मद्यार्क चढवण्याचा उपचार प्रचलित होता. पुढे तो बंद पडला. ‘माझ्या आजीला डॉक्टरनेच घ्यायला सांगितली होती,’ असे कोणी म्हणाले, तर आजीही खरी आणि डॉक्टरही खरा. काळ मात्र पुढे गेला आहे.

आणि तरीही ज्ञान फार जुने आहे, असेही म्हणता येते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भाला घातक ठरणाऱ्या मातेच्या वर्तनाची एक यादी आहे. नित्य मद्य घेणाऱ्या स्त्रीचे अपत्य तहानेने व्याकूळ, अल्प स्मरणशक्तीचे आणि अस्थिर चित्ताचे निपजते, असे तेथे सांगितले आहे. अल्प स्मृती आणि अस्थिर चित्त! सिएटलच्या डॉक्टरांनी पुढे ज्या मुलांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली, त्यांचे वर्णन याहून नेमके करणे कठीण. मात्र येथे थोडे थांबले पाहिजे. त्याच यादीत आईच्या निजण्याच्या रीतीमुळे नाळेचा फास बसतो, अशासारखी आज कोणी मान्य करणार नाही अशी विधानेही आहेत. तेव्हा ‘आमच्या ऋषींना सारे ठाऊक होते’ असा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्या वैद्याला दोन हजार वर्षांपूर्वीही ही गोष्ट दिसली होती, एवढे म्हणणे रास्त आहे. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या जुन्या करारातही शमशोनाच्या आईला, तो पोटात असताना द्राक्षारस व मद्य वर्ज्य करण्याची आज्ञा देवदूत देतो. गोव्याच्या दोन्ही समाजांना आपापल्या ग्रंथातून हे सांगता येईल, ही सोयीची गोष्ट आहे.

हैदराबादेत याच विषयाशी जवळचा संबंध असलेल्या दोन संस्था आहेत. सातव्या निजामाची सून नीलोफर हिची एक दासी १९४९ साली बाळंतपणात मरण पावली. त्या दुःखातून त्या राजस्नुषेच्या नावाचे माताबालकांचे रुग्णालय पुढे उभे राहिले आणि आजही तेथे गोरगरिबांच्या मुलांची रीघ लागलेली असते. दुसरी म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्था. १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी बेरीबेरीच्या चौकशीसाठी एका खोलीत हिचा आरंभ केला. १९५८ साली ती हैदराबादला आली. भारतीयांनी काय खावे आणि किती, हे ठरवण्याचे काम आज तीच करते. या संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक पुस्तिकेत गर्भवतीसाठीच्या सूचनांत, मोड आलेली कडधान्ये खा, लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या घ्या, अंधश्रद्धेपायी अन्न वर्ज्य करू नका, यांच्याच रांगेत मद्य व तंबाखू घेऊ नका, असेही स्पष्ट म्हटले आहे. पोषणतज्ज्ञांनी हे सांगण्याला विशेष अर्थ आहे. देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी आहेत. मद्य भूक मारते, फॉलिक आम्ल शरीरात नीट मुरू देत नाही आणि घरात येणारा पैसा दुकानात पोचवते. पोटभर खाणाऱ्या बाईच्या गर्भाला मद्य जेवढे बाधते, त्याहून ते अर्धपोटी बाईच्या गर्भाला अधिक बाधते. संस्थेच्या दारापासून फर्लांगभर अंतरावरच्या मजूर बाईपर्यंत ती एक ओळ पोचली आहे काय, हा प्रश्न संस्थेला नव्हे, सरकारला विचारावयाचा आहे.

येथे एक सावधगिरी हवी. ताडीची गोष्ट निघाली की, सुशिक्षित वाचकाला हे सारे मोलकरणी-मजुरणींचे व्यसन वाटू लागते. त्याच हैदराबादच्या माधापूर-गच्चीबावलीत काचेच्या इमारतींत संगणकाचे काम करणाऱ्या मुली आहेत. त्यांत आपल्या फोंड्या-म्हापशाच्या, सावंतवाडीच्याही असतील. शनिवारी रात्री सहकाऱ्यांबरोबर वाइनचा चषक घेणे त्यांच्या जगात वावगे नाही, आणि आम्ही त्याबद्दल नाक मुरडणार नाही. पण कल्लू कंपाउंडातील ताडीतला मद्यार्क आणि चषकातल्या वाइनमधला मद्यार्क यांत गर्भाला फरक कळत नाही. वाइन ही ‘दारू नव्हे’, बिअरने दूध वाढते, पोर्टने रक्त होते, या समजुती सुशिक्षितांच्याच आहेत. गोव्यात तर पोर्ट वाइनला जवळजवळ औषधाचा मान आहे. सर्दी झाली की फेणी, पोट दुखले की फेणी, बाळंतिणीला गारठा बाधू नये म्हणून चमचाभर ब्रँडी. हे उपचार सोवळ्याओवळ्याच्या घरांतही मागील दाराने चालत आले आहेत. उन्हाळ्यात काजूचे बोंडू मळून झाले की पहिल्या हुर्राकाची चव घरातल्या बायकांनीही पाहावी, अशी वहिवाट काही ठिकाणी आहे. हुर्राक सौम्य, असे म्हणतात. शेकडा पंधराच्या आसपास मद्यार्क असलेल्या पेयाला सौम्य म्हणणे, ही फेणीशी तुलना करण्याची सवय झाली.

आसवे आणि अरिष्टे हा विषयही टाळून चालणार नाही. दशमूलारिष्ट आपल्याकडे बाळंतिणीला सर्रास देतात. ती औषधे आंबवूनच सिद्ध होतात आणि त्यांत आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो. बाटलीवर तसे छापलेलेही असते. प्रसूतीनंतर वैद्याच्या सल्ल्याने ती देणे ही एक गोष्ट, आणि ‘बाळंतपणानंतर चालते, तर आधीही चालेल’ म्हणून सातव्या महिन्यात सासूने स्वतःच्या हिंमतीवर दोन-दोन चमचे सुरू करणे ही दुसरी. वैद्याला विचारल्यावाचून गर्भवतीने कोणतेही आसव-अरिष्ट घेऊ नये.

आता दोष कोणाचा, याबद्दल. गर्भवतीने पिऊ नये, असे म्हटले की, ऐकणाऱ्यांतील पुरुषमंडळी माना डोलवतात आणि आपला पेला भरून घेतात. ज्या घरात नवरा रोज पितो त्या घरात बाईला घोट घेण्याचा आग्रह होतो, पैसा उरत नाही, मारहाण होते. पोटात लाथ बसलेल्या बाईच्या गर्भाची गणना मद्याच्या बळींत कोणी करीत नाही. १९९२ साली नेल्लूर जिल्ह्यातील दुबगुंटा गावच्या बायकांनी साक्षरता वर्गात वाचलेल्या धड्यावरून उठून अरक्काची दुकाने बंद पाडली. त्यांचे आंदोलन आंध्रभर पसरले, १९९३ साली अरक्कावर बंदी आली आणि १९९५ साली संपूर्ण दारूबंदी झाली. दोन वर्षांत, १९९७ साली, महसुलाच्या ओढीने ती उठली. त्या बायका स्वतः पीत होत्या म्हणून उठल्या नव्हत्या. घरातल्या पुरुषांच्या पिण्याने त्यांची मुले उपाशी राहत होती म्हणून उठल्या होत्या. हे विसरून जर कोणी गर्भवतीच्या मद्यपानाचा विषय सुनेवर पहारा ठेवण्यासाठी वापरू लागला, तर ते आम्हांस मान्य नाही. जिला धाक वाटेल ती दवाखान्यात खरे सांगणार नाही, आणि जी खरे सांगणार नाही तिला डॉक्टर मदत करू शकणार नाही. गर्भार आहोत हे कळण्याआधी ज्यांच्याकडून चार पेले गेले, त्यांनी भीतीने खचून जाऊ नये. आज थांबल्याने उरलेल्या महिन्यांत मेंदूला जे मिळते ते खरोखरीचे मिळते. डॉक्टरला सांगावे आणि थांबावे. जिला रोजची सवय आहे, मग ती ताडीची असो वा रमची, तिने मात्र घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. झटके येऊ शकतात, आणि ते आईलाही घातक, बाळालाही. अशा स्त्रीला रुग्णालयाच्या देखरेखीखाली सोडवावे लागते.

गोव्यात दारूबंदीची भाषा फारशी कोणी करीत नाही आणि आम्हीही येथे ती करणार नाही. मादक पेयांना आळा घालण्याविषयी घटनेच्या ४७व्या कलमात जे लिहिले आहे, ते अबकारी खात्याचा हिशेब मांडताना कोणत्याच राज्याला आठवत नाही. पण बंदीच्या अलीकडेही करण्यासारखे पुष्कळ आहे. गोव्यात पर्वरीच्या ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांकरवी पिणाऱ्यांशी बोलण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि जगाने त्याची नोंद घेतली. चार-दोन बैठकींच्या संभाषणाने माणसे पिणे सोडू शकतात, हे त्याने दाखवले. तो प्रयोग पुरुषांवर होता. गर्भवतींसाठी तसेच काही उभे करण्यास आता कोणाची परवानगी हवी आहे? दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी २०१६ पासून होते. गर्भावरील मद्याच्या परिणामांविषयीचा जागतिक दिवसही १९९९ पासून ९ सप्टेंबरलाच पाळला जातो. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहताना परिचारिकेने हळूच, नवऱ्याला बाहेर पाठवून, आणखी एक प्रश्न विचारायचा. त्याला यंत्र लागत नाही की निविदा.

आणि बाटलीवरची सूचना. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांनुसार एप्रिल २०१९ पासून प्रत्येक बाटलीवर, मद्यपान आरोग्यास अपायकारक आहे, सुरक्षित राहा, पिऊन गाडी चालवू नका, अशा आशयाची सूचना छापावी लागते. गाडीचा उल्लेख आहे, गर्भाचा नाही. अमेरिकेत नोव्हेंबर १९८९ पासून बाटलीवरच्या सरकारी सूचनेची सुरुवातच गर्भवतीपासून होते. फ्रान्ससारख्या द्राक्षमद्याच्या माहेरघरात गर्भवतीच्या चित्रावर काट मारलेली खूण किंवा तशी सूचना २००७ पासून सक्तीची आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी ३१ जुलै २०२३ पासून ती अनिवार्य केली. फ्रेंच माणसाची वाइन त्या खुणेने आंबट झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. हैदराबादच्या ताडीला बाटलीवरचे लेबल उपयोगाचे नाही, कारण ती सुटी विकली जाते. तेथे कंपाउंडच्या दारावर तेलुगू आणि उर्दूत, वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रासह, फलक लागला पाहिजे. आपल्याकडे तावेर्नांच्या दारावर कोंकणी व मराठीत तो लावण्याचा आदेश अबकारी खात्याला एका परिपत्रकाने देता येईल.

बाटलीवरचा मजकूर बदलणे दिल्लीच्या हाती आहे हे खरे. पण सध्याची सूचना प्रादेशिक भाषेत छापून घेण्याची मुभा राज्यांना त्याच नियमांत आहे, आणि नव्या ओळीची मागणी दिल्लीकडे लेखी करण्यास गोव्याला कोणी अडवलेले नाही. फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. ती या भूमीचा वारसा म्हणून मिरवावी यासाठी सरकार झटले. तिच्या लेबलावर बोंडूचे चित्र, भट्टीचे चित्र, गावाचे नाव, इतके सारे मावते. त्याच कागदावर गर्भवतीसाठी एक ओळ मावते की नाही, हा प्रश्न विधानसभेच्या येत्या अधिवेशनात चाळीस आमदारांपैकी कोण विचारतो, याकडे आमचे लक्ष राहील.